केंद्रकात ठिपके दिसले, पण प्रथिन नेमकं आहे कुठे?

प्रश्न थोडक्यात असा आहे. कोल्हापुरातच एमएस्सीच्या दुसऱ्या वर्षाला असलेल्या एका विद्यार्थ्याने १८ किलोडाल्टनच्या (हे प्रथिनाचं वजन मोजायचं एकक) एका मानवी प्रथिनाला जीएफपी हे हिरवं चमकणारं प्रथिन जोडून ते हेला पेशींत, म्हणजे प्रयोगशाळेत वाढवल्या जाणाऱ्या मानवी कर्करोगाच्या पेशींत, घातलं. केंद्रकात आठ ते बारा चमकदार ठिपके दिसले. मग विकत आणलेल्या, त्याच प्रथिनाला धरणाऱ्या अँटिबॉडीने साध्या हेला पेशी रंगवल्या, तर सगळं केंद्रक एकसारखं उजळलं, ठिपका एकही नाही. एनएलएस, म्हणजे प्रथिनाला केंद्रकात नेणारी खूण, शोधणाऱ्या सॉफ्टवेअरला काही सापडलं नाही. यूनिप्रॉट या प्रथिनांच्या माहितीसाठ्यावर नुसतं ‘न्यूक्लिअस’ लिहिलेलं. गाईड म्हणतात, ठिपके म्हणजे न्यूक्लिओलस (केंद्रकातला रायबोसोम बनवणारा गोळा), तसं लिहून टाका. मग प्रथिन खरं आहे कुठे, आणि थिसिसमध्ये लिहायचं काय?

गेली एकवीस वर्षं मी पेशी वाढवणं, रंगवणं आणि कॉन्फोकल सूक्ष्मदर्शकावर बघणं हेच काम करते, आणि आजूबाजूच्या कॉलेजांतली मुलं स्लाइड घेऊन येतात तेव्हा दहातल्या सहा-सातांचा प्रश्न याच जातीचा असतो. त्यामुळे जरा सविस्तर लिहिते.

आधी एक गोष्ट स्पष्ट करते. तुमच्यापुढे दोन प्रश्न एकात एक गुंतून आले आहेत. पहिला: हे ठिपके कशाचे? दुसरा: माझं प्रथिन कुठे असतं? पहिल्याचं उत्तर मिळालं म्हणजे दुसऱ्याचं मिळालं असं होत नाही. डोळा ठिपक्याकडे धावतो, कारण तिथे उजेड दाट आहे. पण दाट आहे म्हणजे जास्त आहे, असं नाही. हिशेब करून बघा. केंद्रक १० मायक्रॉन व्यासाचा गोल धरला तर त्याचं आकारमान साधारण ५२० घन मायक्रॉन होतं. अर्ध्या मायक्रॉनचा एक ठिपका जेमतेम ०.०६५ घन मायक्रॉन, दहा ठिपके मिळून ०.६५. आता समजा, ठिपक्यांत प्रथिन बाहेरच्यापेक्षा २० पट दाट आहे. तरी ०.६५ गुणिले २० म्हणजे १३, आणि बाहेर पसरलेलं ५२०. म्हणजे तुमच्या प्रथिनाचा अडीच टक्क्यांच्या आसपासचाच भाग त्या सुंदर ठिपक्यांत आहे, उरलेला सगळा केंद्रकभर पसरलेला आहे. हेला पेशीचं केंद्रक काही अगदी गोल नसतं, पण मुद्दा बदलत नाही. ‘प्रथिन ठिपक्यांत आहे’ हे वाक्य लिहिण्याआधी हा हिशेब प्रत्येकाने एकदा तरी करावा असं मला मनापासून वाटतं.

आता केंद्रकाच्या आत कायकाय असतं ते. केंद्रकाला बाहेरून दुहेरी पडदा आहे, त्यात काही हजार रंध्रं आहेत, आतल्या बाजूने लॅमिन प्रथिनांचं अस्तर आहे. पण आत भिंती नाहीत. मायटोकॉन्ड्रियाला पडदा असतो, लायसोसोमला असतो. न्यूक्लिओलसला नसतो, आणि केंद्रकातल्याच स्पेकल, काहाल बॉडी या गोळ्यांनाही नसतो. मुलांना सांगताना मी कोल्हापूरच्या गंगावेशीतला दुधाचा कट्टा आठवायला सांगते. तिथे भिंत नाही, फाटक नाही. संध्याकाळी म्हशी येऊन उभ्या राहिल्या, धारोष्ण दुधाचा ग्लास हातात घेऊन चार माणसं जमली, की कट्टा भरला. पिणारा ग्लास ठेवून जातो, दुसरा येतो, कट्टा आपल्या जागी राहतो. केंद्रकातल्या या बॉडीजचं बरंच तसं आहे. २००० साली जिवंत पेशींत जीएफपी जोडलेल्या प्रथिनांवर लेझर मारून मोजमाप झालं, तेव्हा न्यूक्लिओलसमधलं फायब्रिलॅरिन आणि स्पेकलमधलं स्प्लायसिंगचं, म्हणजे आरएनएची काटछाट करणारं, प्रथिन सतत आत-बाहेर करत असल्याचं दिसलं, आणि तेही फार वेगाने. म्हणजे प्रथिनाचा ‘पत्ता’ म्हणून आपण जे लिहितो ते घराचा नंबर नाही. ते कुठे जास्त वेळ थांबतं, एवढंच आपल्याला ठाऊक असतं.

तुमच्या गाईडच्या अंदाजाबद्दल. मी तुमची चित्रं पाहिलेली नाहीत, त्यामुळे जपून सांगते. पण नुसत्या आकड्यावरून मला हे न्यूक्लिओलस वाटत नाही. हेला पेशीत न्यूक्लिओलस थोडे असतात, मोठे असतात, एकेक मायक्रॉनच्या वर, आणि बहुधा वेडेवाकडे. मुख्य म्हणजे ते ओळखायला अँटिबॉडीसुद्धा लागत नाही. फेज कॉन्ट्रास्ट या न रंगवता पेशी बघायच्या पद्धतीत ते गडद गोळ्यासारखे दिसतात, आणि डॅपी या डीएनए रंगवणाऱ्या रंगाच्या चित्रात त्या जागी काळं भोक असतं, कारण तिथे डीएनए विरळ असतो. म्हणून पहिलं काम फुकटचं आहे: हिरवं चित्र, डॅपी आणि फेज, तिन्ही एकाच पेशीचं एकाच पातळीवर घ्या. ठिपके डॅपीच्या भोकात नीट बसले तर गाईडचं बरोबर. भोकाच्या बाहेर असले तर हा विषय पाच मिनिटांत मिटला, आणि पुढच्या उमेदवारांकडे वळायला तुम्ही मोकळे.

उमेदवार किती? आकार, संख्या आणि शेजार या तीन गोष्टींवर मी चाळणी लावते. वीस ते पन्नास, कडा विस्कटलेल्या, डीएनए विरळ असलेल्या जागेत पसरलेले ठिपके असतील तर स्प्लायसिंग स्पेकल्स. एक ते सहाच्या घरात, गोल, आणि त्यातला एखादा न्यूक्लिओलसला चिकटून बसलेला असेल तर काहाल बॉडी. सांतियागो रामोन इ काहाल यांनी १९०३ साली चेतापेशींत त्या पहिल्यांदा पाहिल्या, आज आपण त्या कॉइलिन या प्रथिनावरून ओळखतो. पाच ते तीस, गोल, नीट फोकस केलं तर काही वेळा मधे पोकळ कड्यासारखे दिसणारे, तर पीएमएल बॉडी, म्हणजे पीएमएल नावाच्या प्रथिनापासून बनलेले गोळे. स्पेकलच्या कडेला बारीक बारीक असतील तर पॅरास्पेकल. ते २००२ साली सापडले आणि नीट१ नावाच्या आरएनएवर उभे असतात. शंभराच्या वर बारीक ठिपके असतील आणि काही पेशींतच दिसत असतील, तर डीएनएची नक्कल चालू असलेल्या जागा. पीसीएनए हे प्रथिन एस अवस्थेच्या, म्हणजे या नकलेच्या काळाच्या, सुरुवातीला असंख्य बारीक बिंदूंत दिसतं आणि शेवटी थोड्या मोठ्या ढेकळांत. जोडीने पसरलेले, संख्येने गुणसूत्रांच्या आसपास असतील तर सेंट्रोमिअर (गुणसूत्रबिंदू). तुमचे आठ ते बारा ठिपके पाहता मी पहिली पैज पीएमएलवर लावीन, दुसरी काहालवर. पण ती पैजच आहे. तिच्यावर थिसिस लिहायचा नाही.

इथे एक सावधगिरी. पेशी कुठल्या प्राण्याची, कुठल्या ऊतीची, यावर बरंच अवलंबून आहे. उंदराच्या पेशी डॅपीने रंगवल्या की केंद्रकात ठळक गोळे दिसतात, क्रोमोसेंटर. तिथे सेंट्रोमिअरजवळचा ए आणि टी ही अक्षरं जास्त असलेला डीएनए एकत्र गोळा झालेला असतो आणि डॅपी त्यालाच घट्ट धरतो. माणसाच्या पेशीत ते तसे दिसत नाहीत. मानवी भ्रूणीय मूलपेशींत पॅरास्पेकल नसतात. तेव्हा कुणी ‘सस्तन पेशींत हे प्रथिन अमुक ठिकाणी असतं’ असं म्हटलं की मी आधी विचारते, कोणत्या पेशीत? हेला १९५१ सालापासून प्रयोगशाळेत वाढतेय, तिची गुणसूत्रं ४६ राहिलेली नाहीत. तिच्यात दिसलेली गोष्ट निदान एका सामान्य पेशीत, म्हणजे त्वचेच्या फायब्रोब्लास्टमध्ये किंवा डोळ्याच्या पडद्यातून आलेल्या आरपीई१ पेशींमध्ये, पुन्हा बघायलाच हवी.

आता खरी अडचण. जीएफपी ठिपके दाखवतं आणि अँटिबॉडी दाखवत नाही. यातला एक साक्षीदार खोटं बोलतोय असं लगेच मानू नका. वरच्या हिशेबाने बहुतेक प्रथिन पसरलेलं असणार हे दोघांनाही मान्य आहे. पण २० पट दाट ठिपका असेल तर तो अँटिबॉडीलाही दिसायला हवा होता. तो का दिसला नाही, याची माझ्या अनुभवात तीन कारणं निघतात.

पहिलं कारण, ठिपके तुम्हीच बनवलेत. प्लाझ्मिडमध्ये, म्हणजे जनुक पेशीत नेणाऱ्या डीएनएच्या कड्यात, सीएमव्ही प्रमोटर (जनुक जोरात चालू ठेवणारा तुकडा) असेल तर पेशी ते प्रथिन नेहमीच्या कितीतरी पट बनवते. जागा पुरेनाशी झाली की ते कुठेतरी गोळा होतं. शिवाय साधं ईजीएफपी, म्हणजे नेहमी वापरतात ते जीएफपी, स्वतः थोडंफार जोडीने चिकटतं. तुमच्या प्रथिनाला आधीच एकमेकांना धरायची सवय असेल तर त्यात भर पडते. यावर उपाय सोपा आहे. ए२०६के हा एका अमिनो आम्लाचा बदल असलेलं एकेकटं राहणारं जीएफपी वापरा. आणि स्लाइडवर सगळ्यात देखण्या, झळाळत्या पेशींचे फोटो काढायची सवय सोडा. जेमतेम दिसणाऱ्या पेशी शोधा. उजेड वाढवा, डिटेक्टर वाढवा, पण फिकट पेशी बघा. फिकट पेशींतही ठिपके असतील तर गोष्ट गंभीरपणे घ्यायची. फक्त झगमगत्या पेशींत असतील तर तो गर्दीचा परिणाम. मी मुलांना सांगते, पन्नास पेशींचा उजेड आणि ठिपक्यांची संख्या असा साधा आलेख काढा. एक दुपार जाते, पण त्यानंतर कुणी वाद घालत नाही.

दुसरं कारण, अँटिबॉडी ठिपक्याच्या आत पोचलीच नाही. अंबाबाईच्या किरणोत्सवाला जे गेले असतील त्यांना हे पटकन कळेल. नोव्हेंबरात आणि पुन्हा जानेवारी-फेब्रुवारीत मावळतीचे किरण महाद्वारातून गाभाऱ्यापर्यंत जातात, पण वाटेत एखादा अडथळा असला किंवा ढग आले तर ते देवीच्या चरणांपर्यंत किंवा कमरेपर्यंतच पोचतात. तेवढ्यावरून मूर्ती कमरेपर्यंतच आहे असं कुणी म्हणत नाही. अँटिबॉडी १५० किलोडाल्टनची, तिच्यावर पुन्हा दुसरी अँटिबॉडी, आणि न्यूक्लिओलस हा केंद्रकातला सगळ्यात दाट गोळा. पीएफए (पॅराफॉर्माल्डिहाइड) या रसायनाने सगळं जागच्या जागी गोठवल्यावर, म्हणजे फिक्स केल्यावर, आत शिरायला वाट उरत नाही.

याचा फटका मी स्वतः खाल्लाय, म्हणून जरा थांबून सांगते. माझ्या उमेदीच्या काळात मी एका प्रथिनावर काम करत होते. स्लाइडवर न्यूक्लिओलसभोवती अगदी सुबक कडं दिसायचं. काळ्या गोळ्याला हिरवी किनार, प्रत्येक पेशीत, प्रत्येक वेळी. मी त्यावर ‘न्यूक्लिओलसच्या परिघावर असणारं प्रथिन’ असा अख्खा तर्क उभा केला, सात महिने. मग एका रात्री अँटिबॉडीचा साठा संपला, म्हणून वेळ वाया जाऊ नये एवढ्याच हेतूने मी जीएफपी जोडलेलं तेच प्रथिन जिवंत पेशीत बघायला बसले. खोलीत अंधार, एसीचा आवाज, पडद्यावर केंद्रक आलं आणि न्यूक्लिओलस काठोकाठ भरलेला. कडं नव्हतंच. दुसऱ्या दिवशी उणे २० अंशांच्या मिथेनॉलने फिक्स करून तीच अँटिबॉडी लावली, तर तिनेही गोळा भरून दाखवला. कडं होतं ते अँटिबॉडी जिथे अडली तिथलं. तेव्हापासून माझ्या लॅबमध्ये नियम आहे: एकाच फिक्सेशनवर कुणी जागा ठरवायची नाही. ताज्या ४ टक्के पीएफएने एक स्लाइड, थंड मिथेनॉलने दुसरी, आणि जिवंत पेशी तिसरी. फक्त लक्षात ठेवा, मिथेनॉलने जीएफपीची चमक मारली जाते, तेव्हा त्या स्लाइडवर जीएफपीविरुद्धची अँटिबॉडी लावावी लागते. पडद्यांना भोकं पाडणाऱ्या ट्रायटनचं प्रमाण ०.१ टक्क्यावरून ०.५ वर नेऊनही फरक पडतो का, तेही बघा.

तिसरं कारण, अँटिबॉडी ज्या टोकाला धरते ते टोक ठिपक्यात दुसऱ्या प्रथिनाने झाकलं गेलंय. किंवा अँटिबॉडी तुमच्या प्रथिनाला धरतच नाही. हे ऐकायला कठोर वाटेल, पण केंद्रकाच्या अभ्यासातलं एक मोठं उदाहरण समोर आहे. एससी३५ नावाची अँटिबॉडी १९९० पासून जगभर स्पेकल्सची खूण म्हणून वापरली गेली, आणि ती एसआरएसएफ२ या प्रथिनाला धरते असं सगळे लिहीत आले. २०२० साली दाखवलं गेलं की ती मुख्यतः एसआरआरएम२ या वेगळ्याच, कितीतरी मोठ्या प्रथिनाला धरते. स्पेकल्स खरेच होते, खूणही कामाची होती, फक्त खाली लिहिलेलं नाव चुकीचं होतं. म्हणून तुमच्या अँटिबॉडीचा वेस्टर्न ब्लॉट (वजनानुसार वेगळ्या केलेल्या प्रथिनांत ती कुणाला धरते याची चाचणी) करा, आणि जमलं तर एसआयआरएनएने, म्हणजे त्या जनुकाला गप्प करणाऱ्या छोट्या आरएनएने, प्रथिन कमी करून तेच रंगकाम पुन्हा करा. प्रथिन सत्तर टक्क्यांनी घटलं आणि केंद्रकाचा उजेड होता तसाच राहिला, तर तो उजेड तुमच्या प्रथिनाचा नव्हता.

एनएलएस न सापडण्याचं मला फारसं आश्चर्य वाटत नाही. सॉफ्टवेअर मुख्यतः लायसिन-अर्जिनिनने भरलेले तुकडे शोधतात, एसव्ही४० विषाणूच्या मोठ्या टी प्रतिजनात १९८४ च्या सुमारास ओळखला गेला तसे. पण रंध्रातून जायला प्रत्येकालाच परवाना लागत नाही. साधारण ४० किलोडाल्टनच्या खालची प्रथिनं हळूहळू आपली आपण पाझरतात, आणि ती मर्यादाही कडक नाही, वर जावं तसा वेग मंदावतो. तुमचं १८ किलोडाल्टनचं प्रथिन आपोआप आत जाऊ शकतं. जीएफपीचे २७ मिळवून ४५ झाले तरी पेशीला चोवीस तास दिल्यावर ते आत दिसू शकतं. आत गेल्यावर आतल्या कुणाला तरी धरून बसलं की केंद्रकात साठलेलं दिसणारच. काही प्रथिनं दुसऱ्याच्या खांद्यावर बसून जातात, काहींची खूण वेगळ्या जातीची असते आणि ती ट्रान्सपोर्टिन हे वाहक प्रथिन ओळखतं. म्हणून नुसतं जीएफपी घातलेल्या पेशी शेजारी हव्यातच. ते केंद्रकात आणि बाहेर दोन्हीकडे पसरतं, न्यूक्लिओलसमध्ये थोडं कमी. ही तुमची आधाररेषा. आणि तुमच्या प्रथिनात अर्जिनिन-लायसिन भरपूर असतील तर आणखी सावध राहा. असं धनभारित प्रथिन आरएनएने खच्चून भरलेल्या न्यूक्लिओलसला नुसत्या विद्युतभारानेही चिकटतं. तिथे त्याचं काही काम असेलच असं नाही.

जीएफपी कुठल्या टोकाला जोडलंय? एकाच टोकाला असेल तर दुसऱ्या टोकाला जोडून पुन्हा बघा. जागेची खूण शेवटच्या चार-पाच अमिनो आम्लांत असू शकते, आणि तिच्यावर आपण नकळत २७ किलोडाल्टनचं झाकण ठेवतो. शेवटच्या टोकाचं महत्त्व किती, हे न्यूक्लिओफॉस्मिन दाखवतं. ते न्यूक्लिओलसच्या बाहेरच्या, दाणेदार भागातलं प्रथिन. प्रौढांमधल्या अक्यूट मायलॉइड ल्युकेमियाच्या साधारण एक तृतीयांश रुग्णांत त्याच्या जनुकाच्या शेपटाकडे बहुधा चार अक्षरं जास्तीची घुसलेली असतात. त्याने न्यूक्लिओलसला धरून ठेवणारी ट्रिप्टोफॅन जातात, बाहेर जाण्याची नवी खूण तयार होते, आणि प्रथिन पेशीद्रवात येऊन बसतं. २००५ साली हे पुढे आलं, आणि आज पॅथॉलॉजिस्ट स्लाइडवर न्यूक्लिओफॉस्मिन कुठे आहे हे बघून निदानाला मदत घेतात. जागा ठरवणं हे हौसेचं काम नाही, ते अचूक व्हायला हवं असं मी म्हणते ते यासाठी.

आता ओळख पक्की करायची पद्धत. मार्करसोबत, म्हणजे जागा आधीच ठाऊक असलेल्या प्रथिनासोबत, रंगवणं सगळेच सांगतील: पीएमएल, कॉइलिन, फायब्रिलॅरिन, स्पेकलसाठी एसओएन. जरूर करा. पण लाल आणि हिरवं मिळून पिवळं झालं म्हणजे दोन्ही एकत्र आहेत, यावर माझा विश्वास फार थोडा आहे. साध्या कॉन्फोकलला आडव्या दिशेने २०० नॅनोमीटर आणि उभ्या दिशेने ५०० च्या वर नीट वेगळं करता येत नाही. एका रंध्राची रुंदी जेमतेम १२० नॅनोमीटर. आणि केंद्रक इतकं गच्च भरलेलं असतं की कुठलीही दोन प्रथिनं थोडीफार एकावर एक पडतातच. म्हणून एकेरी रंगाच्या स्लाइड ठेवा, म्हणजे एका वाहिनीतला (एका रंगाच्या चित्रातला) उजेड दुसरीत सांडतोय का ते कळेल. फिजी या चित्रं मोजायच्या सॉफ्टवेअरमध्ये पिअरसनचा आकडा, म्हणजे दोन रंग किती जुळतात त्याचं माप, काढा. मग लाल वाहिनी ९० अंशांनी फिरवा, तोच आकडा पुन्हा काढा. खरी जुळणी असेल तर आकडा धाडकन खाली येतो. फिरवूनही तो तेवढाच राहिला, तर तुम्ही फक्त ‘दोघंही केंद्रकात आहेत’ एवढंच मोजत होता.

माझा जास्त भरवसा धक्का देऊन बघण्यावर आहे. बॉडी हलवा आणि तुमचं प्रथिन तिच्याबरोबर हलतं का बघा. ॲक्टिनोमायसिन डी अगदी कमी मात्रेत, ०.०५ मायक्रोग्रॅम प्रति मिलिलिटर, दोन-तीन तास दिलं की न्यूक्लिओलसमध्ये आरएनए बनवणारं आरएनए पॉलिमरेज १ बंद पडतं. न्यूक्लिओलस आक्रसतो, फायब्रिलॅरिन त्याच्या कडेला टोप्यांसारखं गोळा होतं, न्यूक्लिओफॉस्मिन बाहेर केंद्रकभर पसरतं. तुमचे ठिपके यातलं काहीच न करता ढिम्म राहिले तर ते न्यूक्लिओलसचे नव्हेत. डीआरबी या रसायनाने सर्वसाधारण ट्रान्सक्रिप्शन (डीएनएवरून आरएनए बनवणं) थांबवलं की स्पेकल्सच्या विस्कटलेल्या कडा जाऊन ते मोठे आणि गोल होतात, आणि डीआरबी धुऊन टाकलं की पूर्ववत होतात. पीएमएल बॉडीसाठी आर्सेनिक ट्रायऑक्साइड. ते थेट पीएमएल प्रथिनावरच काम करतं, आणि म्हणूनच अक्यूट प्रोमायलोसायटिक ल्युकेमियात औषध म्हणून दिलं जातं. ही सगळी विषारी रसायनं आहेत. ग्लोव्ह्ज, फ्यूम हूड आणि वेगळा कचऱ्याचा डबा यात तडजोड नको. एमएस्सीच्या मुलांना एकट्याने ती हाताळू देत नाही मी.

आणखी एक प्रयोग सांगते, ज्याला खर्च जवळजवळ नाही आणि तरी तो कुणी करत नाही. फिक्स करण्याच्या आधी कव्हरस्लिप बर्फावर ०.५ टक्के ट्रायटन असलेल्या सीएसके या पेशीचा सांगाडा टिकवणाऱ्या द्रावणात काही मिनिटं ठेवा, मग पीएफए. मोकळं फिरणारं प्रथिन धुऊन जातं, क्रोमॅटिनला (प्रथिनांभोवती गुंडाळलेल्या डीएनएला) किंवा आतल्या सांगाड्याला घट्ट धरलेलं राहतं. पीसीएनएवर करून बघा, एस अवस्थेतल्या पेशी तेवढ्या उजळ राहतात, बाकीच्या रिकाम्या. तुमच्या बाबतीत पसरलेला उजेड गेला आणि ठिपके उरले, तर ठिपक्यांतलं प्रथिन खरोखर बांधलेलं आहे. सगळंच धुऊन गेलं तरी निराश होऊ नका, तीही माहितीच आहे. हाच धडा केंद्रक वेगळं काढून वेस्टर्न करणाऱ्यांनाही लागू आहे. एनपी-४० या साबणासारख्या द्रव्याने पेशी फोडून केंद्रकं खाली बसवताना मोकळं प्रथिन गळून वरच्या द्रवात जातं, आणि मग ‘हे पेशीद्रवातलं प्रथिन’ असं चुकीचं लिहिलं जातं.

स्लाइड बघताना विभाजन होत असलेल्या पेशी सोडून देऊ नका. हेलाच्या चांगल्या स्लाइडवर त्या सापडतातच. केंद्रकाचा पडदा विरघळतो, न्यूक्लिओलस मोडतो आणि प्रत्येक प्रथिनाला नवी जागा शोधावी लागते. केआय-६७ एरवी न्यूक्लिओलसमध्ये असतं, विभाजनात ते गुणसूत्रांवर वर्खासारखं चढतं. पीएमएल प्रथिनाचे मोठे गोळे पेशीद्रवात तरंगताना दिसतात. तुमचं प्रथिन तेव्हा काय करतं, हे त्याच स्लाइडवर, जादा पैसे न देता कळतं. आणि डॅपीमध्ये केंद्रकाच्या बाहेर बारीक धुळीसारखे ठिपके दिसले तर सगळं थांबवा आणि मायकोप्लाझ्मा या अतिसूक्ष्म जिवाणूंची पीसीआर चाचणी करा. पावसाळ्यात इनक्युबेटरच्या पाण्याच्या ट्रेकडे दुर्लक्ष झालं की आमच्याकडे संसर्गाच्या तक्रारी वाढतात, आणि अशा पेशींतल्या कुठल्याच जागेवर मी विश्वास ठेवत नाही.

ह्यूमन प्रोटीन ॲटलस जरूर उघडा, तिथे अँटिबॉडीने रंगवलेली चित्रं पेशीप्रकारानुसार दिली आहेत आणि किती खात्री आहे तेही लिहिलेलं असतं. यूनिप्रॉटवर ‘न्यूक्लिअस’ या शब्दापुढे पुरावा कसला दिलाय ते वाचा. बऱ्याचदा तो दुसऱ्या प्राण्यातल्या सारख्या प्रथिनावरून उचललेला असतो.

तुमच्याकडे वेळ किती आहे मला माहीत नाही, पण सादरीकरणाला दोन महिने असतील असं धरून मी हा क्रम ठेवीन. या आठवड्यात आहे त्याच स्लाइडवर डॅपी, फेज आणि फिकट पेशी. पुढच्या दोन आठवड्यांत नुसतं जीएफपी, दुसऱ्या टोकाचं जीएफपी, दोन फिक्सेशन आणि ट्रायटनने आधी धुणं. मग पीएमएल आणि कॉइलिनसोबत रंगकाम, वाहिनी फिरवून. एसआयआरएनएला पैसे नसतील तर ते राहू द्या, पण तसं थिसिसमध्ये सांगा. गाईडना मात्र हे सगळं संपल्यावर सांगू नका. फेज आणि डॅपीचं एकच चित्र घेऊन उद्या जा आणि ‘सर, ठिपके भोकात बसत नाहीत, जरा बघता का’ एवढंच म्हणा. अनुभवी माणूस चित्र बघून स्वतःच मत बदलतो.

आज, या घडीला, तुमच्या हातात जे आहे त्यावर मी निष्कर्षात हे लिहीन: ‘हेला पेशींत हे प्रथिन प्रामुख्याने केंद्रकद्रवात पसरलेलं आढळतं. जास्त प्रमाणात व्यक्त केलेलं, जीएफपी जोडलेलं रूप त्याशिवाय प्रत्येक केंद्रकात ८ ते १२ ठिपक्यांत जमा होतं. या ठिपक्यांची ओळख अद्याप निश्चित झालेली नाही.’ परीक्षक यावर प्रश्न विचारतील, आणि त्या प्रश्नांची उत्तरं तुमच्याकडे असतील. फोटो काढताना एकही पिक्सेल पूर्ण पांढरा होऊ देऊ नका, उभे थर ०.३ मायक्रॉनच्या अंतराने घ्या, आणि मूळ फाइल जशीच्या तशी जपून ठेवा. जेपीईजी करून व्हॉट्सॲपवर आलेल्या चित्रावरून ठिपका कशाचा आहे हे मलाही सांगता येणार नाही.